जुने दीपगृह राखणदाराच्या नजरेने कसे पाहावे

कोकणच्या सहलीत दीपगृह लागले की बहुतेक मंडळी धापा टाकत थेट वरच्या सज्जावर पोहोचतात, समुद्राकडे पाठ करून छायाचित्रे काढतात आणि पंधरा मिनिटांत खाली उतरतात. वरून दिसणारा देखावा सुंदर असतोच, पण तो शेजारच्या किल्ल्यावरूनही दिसतो. दीपगृहात खास पाहण्यासारखे जे असते ते जिन्याच्या वाटेवर, मनोऱ्याच्या पोटात आणि भिंगाच्या चौथऱ्याखाली असते, आणि नेमके तेच पाहायचे राहून जाते. दीपगृह हे मुळात रात्रभर चालवायचे यंत्र होते. दीडशे वर्षांपूर्वी त्याच्या जवळजवळ प्रत्येक भागाला रोज कोणाचा तरी हात लागत असे. म्हणून पाहणाऱ्याने प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न घेऊन उभे राहावे: राखणदाराला रात्री हिचे काय करावे लागत असेल? या एका प्रश्नाच्या आधाराने जुने दीपगृह कसे वाचावे, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावरची आहेत. जिथे यंत्राचा उगम परदेशात आहे, तिथे त्या देशातली घेतली आहेत.

निघण्यापूर्वी

आधी ते दीपगृह कोणाच्या ताब्यात आहे, हे माहीत करून घ्यावे. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेली खांदेरी आणि प्राँग्ज ही दीपगृहे बंदराच्या प्रशासनाकडे आहेत. किनाऱ्यावरची इतर बहुतेक मोठी दीपगृहे केंद्र सरकारच्या दीपगृह व दीपपोत महासंचालनालयाकडे येतात. या खात्यामागचा मूळ कायदा १९२७ सालचा होता आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कोर्लई, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणी लोकांना आत जाता येते, परंतु प्रवेशाच्या वेळा ठिकाणानुसार बदलतात. त्यामुळे सकाळी लवकर पोहोचून बंद फाटकासमोर बसण्यापेक्षा आदल्या दिवशी चौकशी केलेली बरी. काही दीपगृहे संरक्षण दलांच्या हद्दीला लागून आहेत. तिथे परवानगीशिवाय जाऊ नये आणि कॅमेरा विचारल्याशिवाय बाहेर काढू नये.

बेटावरच्या किंवा खडकावरच्या दीपगृहाला जायचे असेल तर भरती-ओहोटीचे गणित आलेच. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा वाजता. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी येते. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराच्या सुमारास मिळते, पण ती भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या दिवसांतली, असल्यामुळे पाणी फार मागे जात नाही. पाणी सर्वांत मागे हटते ते उधाणाच्या दिवसांत, आणि तेव्हा ओहोटीची वेळ पहाटे किंवा संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या आसपास पडते. मुंबईच्या दक्षिण टोकाच्या प्राँग्ज दीपगृहापर्यंत ओहोटीला खडकावरून चालत जाता येते, हे ऐकून अनेकांना मोह होतो. मात्र त्या वाटेवर परतीची वेळ चुकली तर अंधार आणि पाणी एकदमच येतात, हे या गणितावरून उघड आहे. तिथीची रीत अंदाजापुरती ठेवावी आणि पाय टाकण्यापूर्वी छापील कोष्टक पाहावे. सोबत त्या किनाऱ्यावरचा जाणता माणूस असावा.

खांदेरीला थळच्या किनाऱ्यावरून होडीने जावे लागते. पावसाळ्यात हा बेत करू नये, कारण त्या महिन्यांत कोळी बांधवसुद्धा आपल्या होड्या वर ओढून ठेवतात. तिथे राहून बत्ती सांभाळणाऱ्यांना मात्र पावसाळ्यापूर्वीच धान्य, रॉकेल आणि औषधे भरून ठेवणे भाग होते. ही एक गोष्ट मनात ठेवूनच बेटावर पाऊल ठेवावे.

घरी बसून करण्यासारखी एक तयारी आहे. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरचे रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा असे दोन खंड आहेत. ज्या बंदराला जायचे आहे त्याची नोंद त्यांत काढून वाचावी. ही नोंद वाचली की आज जिथे चार होड्या दिसतात तिथे त्या काळी मालाची किती ये-जा होती ते कळते, आणि बत्ती तिथेच का हवी होती याचाही उलगडा होतो.

बाहेरून पाहताना

फाटकातून आत शिरल्यावर लगेच दरवाजाकडे जाऊ नये. मनोऱ्याभोवती एक फेरी मारावी आणि प्रथम जागा पाहावी. अनेकांची समजूत असते की दीपगृह जितके उंचावर तितके चांगले. कोर्लईला जाणाऱ्याला याच्या उलट दृश्य दिसते: पोर्तुगीजांचा किल्ला डोंगराच्या माथ्यावर आणि दीपगृह खाली, समुद्राच्या अंगाला. फार उंचावरची बत्ती ढगात आणि धुक्यात हरवते, हा धडा जगाने महाग किंमत देऊन घेतला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप पॉइंटचे जुने दीपगृह १८६० च्या सुमारास समुद्रापासून २३८ मीटर उंचीवर उभारले गेले आणि ते वारंवार ढगाआड जाऊ लागले. १९११ मध्ये लुसितानिया नावाचे पोर्तुगीज जहाज तिथल्या खडकावर फुटले. त्यानंतर १९१९ मध्ये ८७ मीटर उंचीवर नवी बत्ती लावण्यात आली. सह्याद्रीचा पावसाळा पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मग मनोऱ्याचा आकार पाहावा. जमिनीवरचा मनोरा चौकोनी, अष्टकोनी किंवा गोल, कसाही चालतो. १८६७ मध्ये पूर्ण झालेले खांदेरीचे दीपगृह अष्टकोनी आहे. लाटांच्या माऱ्यात उभा राहणारा मनोरा मात्र गोल आणि खाली रुंद असावा लागतो. या बांधणीचा पाया इंग्लंडमधल्या एडिस्टन खडकावर जॉन स्मीटनने १७५९ मध्ये घातला. ओक वृक्षाचे खोड जसे मुळाशी पसरते तसा त्याने मनोरा पसरवला आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडात खाच-जीभ करून अडकवला, म्हणजे लाटेला एकटा दगड उपटून नेता येऊ नये. सव्वाशे वर्षांनी मनोरा धडधाकट होता आणि त्याच्याखालचा खडकच झिजू लागला, म्हणून तो बदलावा लागला. प्राँग्जचा ४१ मीटरचा गोल मनोरा टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याने १८७५ मध्ये पूर्ण केला. त्याला त्या काळचे सहा लाख वीस हजारांहून अधिक रुपये लागले. दूरवरून पाहिले तरी खडकाला धरून उभा असलेला त्याचा बांधा ओळखता येतो.

मनोऱ्यावरचे रंगाचे पट्टे दिवसाची ओळख म्हणून असतात. दिवसा बत्ती दिसत नाही, तेव्हा खलाशाला रंगावरून आणि आकारावरून ठिकाण कळले पाहिजे. म्हणून लागोपाठच्या दीपगृहांचे रंग वेगवेगळे ठेवतात. हे रंग खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. पट्टे ताजे ठेवण्यासाठी मनोऱ्याच्या बाहेरच्या अंगाला दोरावर लोंबकळत रंग देणारा माणूस कोण होता, हे पहिल्या फेरीतच स्वतःला विचारून घ्यावे. आवारातली घरे, पाण्याची टाकी किंवा विहीर, रॉकेलची कोठी हे सगळेही बाहेरच दिसते. कोठी घरांपासून दूर का बांधली आहे, हे आगीचा विचार केल्यावर कळते.

जिना चढताना

पायऱ्यांची झीज निरखावी. दगडी जिन्याच्या पायऱ्या एका बाजूला अधिक झिजलेल्या दिसल्या तर तिथे हात रिकामा नसलेला माणूस रोज चढत होता असे समजावे. एका हातात तेलाचा डबा घेतला की दुसरा हात कठड्याला जातो आणि पाय कठड्याच्या बाजूनेच पडतात. हा माझा तर्क आहे, नियम नव्हे. परंतु एका जुन्या जिन्यावर तो सुचल्यापासून मी कुठल्याही दीपगृहात पायऱ्या मोजण्याऐवजी त्यांची झीज पाहतो.

काही मनोऱ्यांत मधोमध एक पोकळ नळा वरपासून खालपर्यंत गेलेला असतो आणि पाहुण्यांना तो खांब वाटतो. फिरत्या भिंगाला चालवणारे वजन या नळ्यात उतरत असे. लंबकाच्या जुन्या घड्याळाला जशी वजने असतात आणि ती खाली आली की चावी द्यावी लागते, तीच ही योजना, फक्त आकाराने कितीतरी मोठी. वजन तळाशी पोहोचले की भिंग थांबणार. भिंग थांबले की बत्तीचे लुकलुकणे थांबणार. आणि लुकलुकणारी बत्ती स्थिर दिसू लागली की समुद्रावरचा तांडेल तिला दुसरीच कुठलीतरी बत्ती समजणार. म्हणून ठरावीक तासांनी हाताने दांडा फिरवून वजन वर चढवणे हे रात्रपाळीचे मुख्य काम असे, आणि यंत्र बिघडले तर भिंग पहाटेपर्यंत हाताने फिरवत राहण्याची पाळी येई. नळ्याचे झाकण किंवा दांड्याची जागा अजून शाबूत असेल तर तिथे जरा थांबावे. झोप आलेली असताना, एकट्याने, पावसाच्या आवाजात हे काम करणे म्हणजे काय असेल, ते त्या जागी उभे राहिल्यावर जास्त समजते.

बत्तीच्या खोलीच्या लगेच खाली पहाऱ्याची खोली असते. तिथे टेबल, घड्याळ आणि नोंदवही असे. आता त्या जागी बहुधा विजेचे फलक, बॅटऱ्या आणि रेडिओची यंत्रे दिसतात. तीही पाहावी, कारण राखणदाराचे कोणते काम कोणत्या पेटीने उचलले हे तिथेच स्पष्ट होते.

भिंगासमोर

इथे मात्र घाई करू नये. दीपगृहातली सर्वांत मोलाची वस्तू ही आहे, आणि तिच्यासमोर अर्धा तास घालवला तरी तो कमीच पडतो.

ज्योत चोहीकडे उजेड फेकते. समुद्रावर हवा असतो तो फक्त क्षितिजाच्या रेषेत जाणारा उजेड. उरलेला आकाशात, जमिनीवर आणि मागच्या डोंगरावर वाया जातो. हा वाया जाणारा उजेड वळवून एका झोतात आणायला एकसंध भिंग वापरायचे म्हटले तर काच इतकी जाड होते की ती घडवताही येत नाही आणि उजेडही शोषून घेते. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल याने भिंगाची अनावश्यक जाडी काढून टाकली आणि एकाभोवती एक अशा काचेच्या कड्यांनी त्याचे काम केले. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहात त्याचे भिंग पहिल्यांदा लागले. भिंगाच्या मधला फुगीर डोळा आणि त्याच्याभोवतीची कडी उजेड वळवतात. वरच्या व खालच्या टोकांचे त्रिकोणी लोलक वेगळे काम करतात. त्यांच्यात शिरलेला किरण काचेच्या आतल्या बाजूवरून परावर्तित होऊन समुद्राकडे जातो. ही दोन कामे वेगवेगळी पाहायची असतील तर भिंगाच्या मध्यापासून नजर हळूहळू वर न्यावी. कड्यांचा कोन कुठे एकाएकी बदलतो ते दिसेल.

भिंगांना आकारानुसार दर्जे दिलेले असतात. पहिल्या दर्जाच्या भिंगात ज्योतीपासून काचेपर्यंतचे अंतर ९२ सेंटिमीटर असते, म्हणजे आत माणूस उभा राहू शकतो, आणि राहत असेही, कारण आतून पुसल्याशिवाय भिंग स्वच्छ होत नाही. सहाव्या दर्जात हेच अंतर १५ सेंटिमीटर असते. चौथऱ्यावर पितळी पट्टी शोधावी. तिच्यावर बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सचे किंवा पॅरिसच्या बार्बिए, बेनार आणि त्युरेन या कारखान्याचे नाव असण्याचा संभव मोठा आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या किनाऱ्यांना भिंगे पुरवणाऱ्यांत हे दोन अग्रगण्य होते.

भिंग फिरते असेल तर त्याचे पाखे मोजावे. ज्याच्या मधोमध फुगीर डोळा आहे असा प्रत्येक पाखा एक झोत फेकतो. समान अंतरावर चार पाखे असतील आणि चौकट ४० सेकंदांत एक फेरी पूर्ण करत असेल, तर समुद्रावरच्या माणसाला दर १० सेकंदांनी एक लुकलुक दिसेल. दोन पाखे जवळजवळ आणि मग मोठी मोकळी जागा असेल, तर दोन लुकलुकी आणि नंतर काळोख असा ठेका मिळेल. बत्ती स्वतः विझत नाही, काच फिरते, ही साधी गोष्ट इथे डोळ्यांनी पटते.

इतकी जड काच हाताच्या हलक्या धक्क्याने फिरावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिला पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवण्याची युक्ती निघाली. कित्येक टन वजन पाऱ्यावर इतके हलके फिरे की छोटेसे घड्याळी यंत्र त्याला पुरे होई. परंतु पाऱ्यावर धूळ साचे आणि तो गाळून स्वच्छ करावा लागे. हे काम बंद खोलीत राखणदारच करत, आणि पाऱ्याची वाफ किती घातक आहे याची पुरेशी कल्पना त्या काळी कोणाला नव्हती. त्यांच्या प्रकृतीची जी किंमत यात गेली ती कुठल्या नोंदवहीत लिहिलेली नाही. चौथऱ्याखाली असे कुंड दिसले तर त्यात बोट घालू नये आणि मुलांना दूर ठेवावे.

भिंगाला हात लावू नये हे सांगायला नको, पण का लावू नये ते माहीत असावे. बोटाचा तेलकट ठसा उजेड अडवतो, आणि लोलकाच्या कडेचा टवका एकदा उडाला की भरून येत नाही. अमेरिकेतल्या राखणदारांना तर भिंग साफ करताना वरून तागाचा झगा घालण्याची ताकीद होती, कपड्याच्या बटणाचा ओरखडा काचेवर उठू नये म्हणून. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसतील. त्याचेही कारण आहे. जे भिंग ज्योतीचा उजेड झोत करून बाहेर पाठवते तेच उन्हाचा झोत करून आत आणते आणि आतल्या वस्तूंना आग लावू शकते. रात्री उजेड राखायचा आणि दिवसा त्याच काचेपासून घर राखायचे, असे हे दुहेरी काम होते.

ज्योतीचा इतिहास

भिंगाच्या मधोमध आता लहानसा विजेचा दिवा किंवा एलईडीचा संच दिसेल. तो पाहून निराश होऊ नये. त्या जागी एकामागून एक काय काय जळले असेल, ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. एडिस्टनच्या स्मीटनपूर्वीच्या लाकडी मनोऱ्यात मेणबत्त्या जळत. १७५५ मध्ये त्याला आग लागली तेव्हा हेन्री हॉल नावाचा ९४ वर्षांचा राखणदार खालून वर पाणी फेकत होता आणि छपराचे वितळलेले शिसे त्याच्या घशात गेले. बारा दिवसांनी तो वारला. मद्रासला १७९६ मध्ये पहिली बत्ती लागली ती खोबरेल तेलावर. पुढे रॉकेल आले आणि एकात एक बसवलेल्या गोल वातींचे दिवे आले. वातीचे काम अत्यंत चिकाटीचे होते. वात थोडी वर राहिली तर काजळी धरे, खाली गेली तर उजेड मंद होई, आणि कडा समान कापलेली नसेल तर ज्योत एका बाजूला चढे. घुमटाच्या टोकावर जो पोकळ गोळा दिसतो त्यातून या दिव्याचा धूर बाहेर जात असे, आणि तरीही काजळी काचेवर बसायचीच. सकाळी बत्ती मालवल्यावर राखणदार झोपायला जात नसे. आधी काच, मग पितळ, मग वाती, असा पुढच्या रात्रीचा दिवा तयार करूनच तो मोकळा होई.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेची बत्ती आली. ज्यांच्या घरी लग्नकार्यात किंवा गणपतीत पेट्रोमॅक्स लागत असे त्यांना ही समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तत्त्व तेच आहे: स्पिरिटने नळी तापवायची, पंप मारून रॉकेलला दाब द्यायचा, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि ती रेशमी जाळीत पांढरीशुभ्र पेटते. जाळी जळून राख झालेली असते आणि बोटाच्या टोकाने तुटते, हेही पेट्रोमॅक्स पेटवणाऱ्याला ठाऊक असते. दीपगृहातली जाळी मध्यरात्री तुटली तर ती अंधारात आणि वाऱ्यात बदलावी लागे, आणि तोपर्यंत समुद्र काळोखात राही. पहाऱ्याच्या खोलीतून राखणदाराची नजर वर का लागलेली असे, ते यावरून ध्यानात यावे.

स्वीडनचा गुस्टाफ डालेन याने उन्हाने बंद होणारी आणि अंधारात उघडणारी वायूची झडप काढली तेव्हा माणसाशिवाय जळणारी बत्ती पहिल्यांदा व्यवहारात आली. उजेड शोषून घेणारी काळी दांडी तापून किंचित लांब होते आणि वायू बंद करते, इतकेच तिचे तंत्र. १९१२ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी वायूच्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. ब्रिटनमधले शेवटचे मनुष्यचलित दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झाले.

रात्री, वाळूवरून

दीपगृह फक्त दिवसा पाहून परतणे म्हणजे गायकाला भेटून गाणे न ऐकता येण्यासारखे आहे. संध्याकाळी जवळच्या पुळणीवर, दिव्यांपासून दूर जाऊन बसावे. सेकंद दाखवणारे घड्याळ आणि वही घ्यावी, आणि डोळ्यांना काळोखाची सवय होईपर्यंत फोन बंद ठेवावा.

प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा असतो. उजेड थोडा आणि काळोख जास्त असेल तर ती लुकलुकणारी बत्ती. उजेड जास्त आणि मध्येच काळोख येत असेल तर झाकोळणारी. दोन्ही सारखे असतील तर समकालिक. काही बत्त्या दोन-तीन लुकलुकींचा गट करून मग थांबतात. आवर्तन मोजताना एका लुकलुकीच्या सुरुवातीपासून पुढच्या गटातल्या त्याच लुकलुकीच्या सुरुवातीपर्यंत मोजावे. एकदाच मोजले तर चूक होते, म्हणून दहा आवर्तने मोजून दहाने भागावे. आलेला आकडा डेहराडूनच्या राष्ट्रीय जलालेखन कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या बत्त्यांच्या यादीशी किंवा सागरी नकाशावरच्या नोंदीशी ताडून पाहावा. जुळला की तुम्ही खलाशाच्या जागी बसून ती बत्ती ओळखली असे म्हणता येईल. काही ठिकाणी एका ठरावीक दिशेला बत्ती तांबडी दिसते. त्या दिशेने येणाऱ्याच्या वाटेत खडक आहे, असा तिचा अर्थ असतो.

बत्ती किती दूरवरून दिसेल याचेही गणित करून पाहावे. पृथ्वी गोल असल्यामुळे उजेड कितीही प्रखर असला तरी एका अंतरापलीकडे तो क्षितिजाखाली जातो. बत्तीच्या उंचीचे मीटर घेऊन त्यांचे वर्गमूळ काढावे, पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचेही काढावे, दोन्हींची बेरीज करून २.०८ ने गुणावे. उत्तर सागरी मैलांत येते. बत्ती ३६ मीटरवर आणि तांडेलाचा डोळा ४ मीटरवर असेल तर ६ अधिक २ म्हणजे ८, त्याला २.०८ ने गुणले की साडेसोळा सागरी मैलांहून थोडे जास्त, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटर. होडी त्याहून एक मैल दूर असेल तर तांडेलाला फक्त काळोख दिसेल.

माणसांशी बोलताना

दगड आणि काच पुढच्या वर्षीही तिथेच असतील. रॉकेलची बत्ती हाताने पेटवलेली माणसे मात्र आता थोडी उरली आहेत आणि तीही वयस्क आहेत, त्यामुळे या कामाला सर्वांत आधी लागावे असे मला कळकळीने वाटते. आज दीपगृहावर काम करणाऱ्यांच्या पदाचे नाव बदलले आहे, त्यांना नेव्हिगेशनल असिस्टंट म्हणतात, आणि पूर्वी इथे कोण होते हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. गावातल्या किराणा दुकानात किंवा जेटीवर ‘लाइटहाऊसवाले काका कुठे राहतात’ असे विचारले तरी अनेकदा घर सापडते.

भेटीला दुपारी, जेवणाची वेळ टाळून जावे. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारावे आणि नकार मिळाला तर वहीवर भागवावे. ‘तुमचा सर्वांत रोमांचक प्रसंग सांगा’ असे विचारले की माणूस अवघडतो. त्याऐवजी कामाचे विचारावे: संध्याकाळी सर्वांत आधी काय करत होता? दोन पाळ्यांच्या मध्ये कोण उठवायचे? पावसाळ्याआधी किती तांदूळ भरायचे? होडी येऊ शकली नाही तर पगार आणि पत्रे कशी मिळायची? वात, जाळी, दांडा यांपैकी कशाने जास्त सतावले? हाताला आठवणारे काम सांगू लागला की माणूस आपोआप प्रसंगांकडे येतो. घरातल्या बाईंशी वेगळे बोलावे, कारण मुलांची शाळा, आजारपण, पाण्याची टंचाई आणि बदलीच्या वेळचे सामान हा सगळा भाग बहुधा त्यांनी ओढलेला असतो आणि त्यांना तो कोणी विचारलेला नसतो.

एका ठिकाणी किती माणसे नेमलेली असत, हेही अवश्य विचारावे. वेल्सच्या किनाऱ्यापुढच्या स्मॉल्स खडकावर १८०१ च्या सुमारास दोनच राखणदार होते. त्यांतला एक वारला. खून केल्याचा आळ येईल या भीतीने दुसऱ्याने प्रेत समुद्रात टाकले नाही, तर पेटीत घालून बाहेर बांधून ठेवले. वादळामुळे होडी येईपर्यंत कित्येक आठवडे तो एकटा बत्ती लावत राहिला. त्यानंतर ब्रिटनमध्ये खडकावरच्या दीपगृहांना तीन माणसे नेमण्याची प्रथा पडली. माणसांची संख्या विचारली की एकटेपणाबद्दल वेगळा प्रश्न विचारावा लागत नाही, बोलणे तिकडेच वळते.

खांदेरीसारख्या ठिकाणी गप्पा दीपगृहापुरत्या राहणार नाहीत. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला उभारायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी या दोघांशी लढत ते काम झाले. तिथे वेताळाचे देऊळ आहे आणि कोळी समाजाची त्याच्यावर श्रद्धा आहे. २०२५ मध्ये हा किल्ला मराठा लष्करी वास्तूंच्या गटात जागतिक वारशात गेला. बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. बोलणारा माणूस वेताळावरून बत्तीवर आणि बत्तीवरून तोफांवर गेला तर त्याला अडवू नये. तिथे राहणाऱ्याला हे सगळे एकाच बेटाचे होते.

कोणाकडे जुनी नोंदवही, बदलीचा हुकूम किंवा छायाचित्र निघाले तर ते घरी नेण्यासाठी मागू नये. तिथेच उजेडात ठेवून छायाचित्र घ्यावे, पानांचा क्रम राखावा, कोणते पान कोणाचे ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, आणि एक प्रत त्या कुटुंबाला व एक जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावी. नोंदवहीची पाने निवडताना वादळाची पाने तेवढी घेऊन बाकीची सोडण्याची चूक होते. बत्ती लावल्याची वेळ, मालवल्याची वेळ, वारा, किती तेल जळले आणि खाली सही, एवढेच लिहिलेली पाने ओळीने शेकड्यांनी असतात. तीही सगळी घ्यावीत.